बंद केलं होतं मी

“अक्का, हे तुमच्या भाषेतलं दिसतंय,” असं तमिळमध्ये म्हणत ग्राहक सेवेतल्या कीर्तनाने फोन कनकापुढे धरला. “अर्धं हिंदी, अर्धं तमिळ बोलतात बाई. आपला माणूस बघून आलाय. नवा गीझर नको म्हणतात, दुरुस्तीही नको. मग हवंय काय, तेच मला कळत नाही.”

कनकाच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. परत आलेल्या मालाच्या या लांब खोलीत फोन फारसे येत नसत. इथे यायची ती नादुरुस्त यंत्रं, ग्राहकांच्या नावाच्या चिठ्ठ्या गळ्यात अडकवून. तिने हात पदराला पुसला आणि फोन कानाला लावला.

“मी कनका बोलत्ये. सांगा, काय झाले?”

पलीकडून एक स्वच्छ, जरा थकलेला आवाज आला. “तुम्ही मराठी?”

“होय. आम्ही तंजावरची. आमची मराठी ऐकून हसाल तुम्ही.”

“हसत नाही हो. किती दिवसांनी घराबाहेरच्या कुणाशी मराठी बोलतेय.” बाईंनी घसा साफ केला. “मी अलकनंदा. क्रोमपेटला मुलाकडे असते. मला एकच विचारायचंय. मी गीझर बंद केल्यावरही तो चालू राहू शकतो का? मी बटण दाबते, लाल दिवा जातो, तो गेलेला बघूनच मी वळते. आणि दुपारी कुणी नळ सोडला की उकळतं पाणी येतं.”

कनकाने लगेच उत्तर दिलं नाही. कंपनीच्या माणसाने फोनवर ‘होय’ म्हणायचं नसतं, हे तिला इतक्या वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. पण थांबण्याचं खरं कारण तेवढंच नव्हतं.

“तुमच्याकडे आमचा माणूस येऊन गेला की.”

“आला होता. बटण दाबून बघितलं, मीटर लावलं, म्हणाला सगळं छान आहे. त्यानंतर घरात कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंच...” बाई थांबल्या. “त्यांना वाटतं, मी सकाळभर गीझर चालू ठेवते, मग आठवण झाली की गुपचूप बंद करते आणि वर नाही म्हणते. विसरते ते विसरते, शिवाय खोटंही बोलते. मला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. कोइंबतूरजवळ म्हाताऱ्या माणसांची वसाहत आहे, तिथे जागा बघितलीय. मी खरंच विसरत असेन तर जाईन हो. तक्रार न करता जाईन. पण आधी मला कळू दे.”

“मी बघत्ये, मामी,” वडीलधाऱ्या बाईला तिकडे म्हणतात तसं कनका म्हणाली.

“मामी?” बाईंच्या आवाजात पहिल्यांदाच हसू आलं. “बरं, मामी तर मामी.”

*

कंपनीची बस इरुंगाट्टुकोट्टैहून सुटली की कनका खिडकीशी डोळे मिटून बसायची. त्या संध्याकाळी तिला झोप लागली नाही.

असं होऊ शकतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? गीझरच्या बोर्डावर काड्यापेटीहून लहान एक डबी असते. तिला रिले म्हणतात. आत तांब्याची एक जीभ असते. बटण दाबलं की ती टक् करून पुढच्या टोकाला टेकते आणि घरातली मोठी वीज गीझरकडे जाते. बंद केलं की सुटते. पण टेकताना मोठी ठिणगी उडाली तर दोन्ही टोकांचा धातू वितळून एकमेकाला चिकटतो. मग कितीही वेळा बंद करा, जीभ सुटत नाही. लाल दिवा मात्र जातो, कारण दिव्याला फक्त हुकूम कळतो. हुकूम पाळला गेला की नाही, हे त्याला कुणी सांगत नाही.

एवढं माहीत असूनही तिने बाईंवर विश्वास ठेवला नव्हता. तिला तिची अम्मा आठवली होती.

अम्मा शेवटची काही वर्षं कनकाकडेच होती, तांबरमच्या घरात. गॅस चालू राहायचा, मोटर चालू राहायची, देवघरातलं तेल सांडायचं. आणि विचारलं की अम्मा याच आवाजात, इतक्याच ठामपणे सांगायची, “बंद केले मी. माझ्या हातांनी बंद केले.” कनका आणि तिचा नवरा शेषाद्री एकमेकांकडे बघायचे आणि गप्प बसायचे. पुढे अम्मा कनकाचं नावही विसरली, तेव्हा ते गप्प बसणं बरोबरच होतं असं ठरलं.

सकाळी कामावर गेल्यावर तिने त्या घरचा बोर्ड काढून आणायला सांगितला. वेगळं काही निघेल असं तिला वाटत नव्हतं. बाईंना ‘बघत्ये’ म्हटलं होतं, म्हणून.

बोर्ड आला तो सर्व्हिसच्या माणसाच्या मोटरसायकलवरून, जीएसटी रोडचे सगळे खड्डे खात. कनकाने तो टेबलावर जोडला. गीझरच्या जागी पाण्याच्या पिंपात बुडवलेल्या तापत्या सळ्या होत्या. रिलेच्या पलीकडच्या तारेवर तिने एक साधा पिवळा बल्ब लावला. तपासणीची ही तिची जुनी पद्धत होती: बटण काय म्हणतं ते बघायचं नाही, पलीकडे वीज पोचते का ते बघायचं. बंद म्हटल्यावर बल्ब विझला पाहिजे.

बल्ब विझला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. टक्, टक्. दर वेळी शहाण्यासारखा विझला.

तिने आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राला बोर्ड जोडून दिला आणि बाकीची कामं करत राहिली. अधूनमधून मान वळवून बल्बाकडे बघायची. दिवस गेला, दुसरा गेला. गुणवत्ता विभागाचा प्रमुख देवेश फेरी मारताना टेबलाशी थांबला. तरुण होता, पण कामाला घाई न करणारा.

“क्रोमपेटचा ना हा?”

“हो.”

“चांगला आहे मग. परत पाठवून देऊ.”

“रिलेची डबी कापून बघू का आत?” कनकाने विचारलं. “टोकं वितळली असतील तर खूण दिसेल.”

“खूण तर प्रत्येक वापरलेल्या रिलेत थोडीफार दिसते, मॅडम. तेवढ्यावरून तो चिकटत होता असं म्हणता येणार नाही. आणि एकदा कापला की पुन्हा तपासता येणार नाही.”

ते खरं होतं. कापला की संपलं. आणि नाही कापला, तर हा बल्ब असाच विझत राहणार आणि क्रोमपेटच्या त्या घरात ‘बोर्ड ठीक आहे’ एवढाच निरोप दुसऱ्यांदा जाणार.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. बाहेर कडुलिंबाखाली जाऊन तिने फोन लावला.

“मामी, मी कनका. एक विचारू का? रोज होते का हे?”

“नाही, नाही. रोज झालं असतं तर मीच मान्य केलं असतं की माझं डोकं फिरलंय.” अलकनंदाबाईंनी जरा विचार केला. “ज्या दिवशी खालची मोठी मोटर सकाळी लागते, त्या दिवशी होतं असं मला वाटतं. बोअरची. ती लागली की आमचे दिवे एकदम मंद होतात, पंखा दमल्यासारखा होतो. मग परत नीट.”

कनका उभी होती ती झाडाच्या पारावर बसली. “आणखी सांगा. पहिल्यांदा झाले तो दिवस आठवतो?”

“आठवतो की. खाली टाकी धुवायला माणसं आली होती. टाकी रिकामी, म्हणून मोटर सकाळीच लावलेली. मी गीझर लावला आणि दिवे मंद झाले. बटणाजवळ कसलासा किरकिर आवाज आला, रातकिड्यासारखा. दुसऱ्यांदा झालं तेव्हा कौशिक बंगळूरला निघाला होता. बॅग दारात होती, तिच्यावर मी त्याचा दह्याभाताचा डबा ठेवला होता. त्या दिवशी दुपारी वीज जाणार असं सांगून गेले होते, म्हणून वॉचमनने मोटर लवकर लावली. आणि तिसऱ्यांदा सून माहेरून यायची होती. मी दारात कोलमची रांगोळी काढायला गेले आणि...” त्या थबकल्या. “फार बोलतेय का मी?”

“नाही मामी. तुम्ही अस्के सांगा. मला अस्के होणा.”

“होणा म्हणजे? नको?”

“नाही नाही,” कनका घाईने म्हणाली. “आमच्यात होणा म्हणजे पाहिजे. सगळे पाहिजे मला.”

फोन ठेवल्यावरही ती पारावर बसून राहिली. दह्याभाताचा डबा, दारातली बॅग, रातकिड्यासारखा आवाज. विसरणारं माणूस असं सांगत नाही. विसरणाऱ्या माणसाबरोबर तिने वर्षं काढली होती.

*

दिवे मंद होतात म्हणजे व्होल्टेज पडतं. ते हवं तसं कमीजास्त करायला खोलीत एक डिमरस्टॅट होता, वर गोल चक्र असलेला जड डबा. कनकाने बोर्डाला मिळणारी वीज त्याच्यातून घेतली. बटण दाबलं आणि जीभ टेकत असतानाच चक्र एकदम खाली फिरवलं.

किर्रर्र. रातकिडा.

जीभ धड धरली जात नव्हती, धड सुटत नव्हती. थरथरत होती, आणि थरथरत्या प्रत्येक टेकण्याला ठिणगी पडत होती. कनकाने चक्र परत वर नेलं, बटण बंद केलं. बल्ब विझला. पुन्हा तेच केलं. पुन्हा विझला. ती करत राहिली. चहा आला, गार झाला. खोलीतली बाकीची माणसं आपापल्या टेबलांवर होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मनगट दुखायला लागलं तेव्हा तिने हात बदलला.

आणि एकदा बटण बंद केल्यावर पॅनेलवरचा लाल दिवा गेला, पण बल्ब तसाच राहिला. पिवळा, स्थिर.

तिने बटण पुन्हा चालू केलं, बंद केलं. दिवा आला, गेला. बल्ब तसाच.

पिंपातलं पाणी हळूहळू सणसणायला लागलं, ते ती ऐकत बसली. मग उठून देवेशला बोलावून आणलं.

देवेशने दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून बराच वेळ बल्बाकडे बघितलं. “आणि त्या घरी हेच होत असणार,” तो म्हणाला. “उष्णता फार वाढली की सुरक्षेचा कट-आउट वीज तोडतो, म्हणून गीझर फुटला नाही एवढंच. पण पाणी तर उकळतंच.”

“आपल्या जुन्या मॉडेलला रिलेच्या पलीकडून एक तार परत बोर्डाकडे यायची,” कनका म्हणाली. “बंद म्हटल्यावरही तिकडे वीज असेल तर भोंगा वाजायचा. ह्यात ती काढून टाकलीय.”

“माहीत आहे. मी येण्याआधीच गेली ती.” देवेशने चष्मा पुसला. “परत घालायला सांगतो. आता मागे लागायला माझ्याकडे कारण आहे. आणि या खेपेचे जेवढे गीझर गेलेत त्यांचे बोर्ड बदलावे लागतील. हा कापून फोटो काढू या, लगेच.”

“उद्या रविवार,” कनका म्हणाली. “सोमवारी कापा. उद्याचा दिवस मला द्या हा.”

“कशाला?”

“दाखवायचा आहे एका ठिकाणी.”

देवेशने तिच्याकडे बघितलं. “वाटेत धक्का लागला तर सुटेल तो, मॅडम. मोटरसायकलवरून येताना सुटला तसाच.”

“म्हणून मांडीवर नेणार आहे.”

त्याने आधी चालत्या बल्बाचे फोटो काढून घेतले, चित्रणही केलं. मग मान हलवली.

*

शेषाद्रीने स्कूटरवरून सोडतो म्हटलं, तर तिने नको म्हटलं. जुन्या टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळलेला बोर्ड आणि लाकडी फळीवर बसवलेला बल्ब असं सगळं पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून ती तांबरमहून बसमध्ये बसली. गतिरोधक आला की श्वास रोखून पिशवी किंचित उचलायची. शेजारच्या बाईने आत काय आहे विचारलं, लहान मूल आहे का म्हणून थट्टाही केली. कनका नुसती हसली.

दार कौशिकने उघडलं. श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात अधिकारी होता. सुट्टीच्या दिवशीही दाढी केलेली, चेहरा दमलेला. “रविवारी कशाला त्रास घेतलात? बोर्ड ठीक असेल तर कुरियरने पाठवला असता तरी चाललं असतं.”

“ठीक नाही म्हणून आणला,” कनका म्हणाली.

अलकनंदाबाई आतून आल्या. आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा लहानखुऱ्या होत्या. पातळ नीट चापूनचोपून नेसलेलं, केस घट्ट बांधलेले, आज परीक्षेला बसायचं असल्यासारख्या. त्यांच्यामागे सून नीलम उभी राहिली.

कनकाने फळी जेवणाच्या टेबलावर ठेवली. धक्का न लावता टॉवेल हळू उलगडला. तारा जोडल्या. “कोणी हात लावू नका,” असं सांगून तिने प्लग भिंतीत घातला.

बल्ब लागला.

“हे बघा. आता बटण बंद आहे,” ती म्हणाली. “लाल दिवा नाही. दिसतो?”

“नाही,” कौशिक म्हणाला.

“मामी, तुम्ही चालू करा. आता बंद करा.”

अलकनंदाबाईंनी बटण दाबलं. लाल दिवा आला. पुन्हा दाबलं. दिवा गेला. बल्ब जळत होता. त्यांनी आणखी एकदा तेच केलं, हळू, दिव्यावरची नजर न काढता.

“गीझर असता तर आत्ता पाणी तापत असते,” कनका म्हणाली. “तुम्ही बंद करता. हा बंद होत नाही.”

खाली कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

“आमच्या माणसाला हे सापडले नाही,” कनका पुढे म्हणाली, “कारण जरा धक्का लागला की हा सुटतो. मलाही सापडले नसते. मामींनी मोटरचे सांगटले, दिवे मंद होतात ते सांगटले, कोणत्या दिवशी काय झाले ते अस्के सांगटले, म्हणून सापडले.” तिने पेन्सिल उचलून बाईंपुढे धरली. “ह्या डबीवर हळू मारा.”

अलकनंदाबाईंनी पेन्सिलीच्या टोकाने डबीवर टकटक केलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा बारीकसा आवाज आला आणि बल्ब विझला.

“सुटला?” त्यांनी विचारलं.

“सुटला.”

त्या खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत. पदराने टेबलाचा कोपरा पुसत राहिल्या. तिथे काहीही सांडलेलं नव्हतं. नीलम आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली, तो त्यांच्या हातात देण्याऐवजी तशीच धरून उभी राहिली.

“आई,” कौशिक म्हणाला. “मला वाटलं...”

“तुला काळजी वाटली.” त्यांनी त्याच्याकडे बघितलं. “काळजीच होती ती, मला माहीत आहे. पण मी सांगत होते रे.”

“हो.”

“मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले होते. दार लावलं की परत जाऊन बघायचं. देवाला फूल वाहिलं की नाही, ते परत बघायचं. गेल्या आठवड्यात तुझे बाबा गेले ती तारीख मला पटकन आठवली नाही, तर मी रात्रभर उशीशी ती पुटपुटत बसले.”

कौशिक खाली बघत होता. “वसाहतीला नाही म्हणून कळवतो उद्या,” तो म्हणाला.

“नको. घाई नको.” अलकनंदाबाईंचा आवाज साधा होता. “जागा चांगली आहे म्हणतात. बागही आहे. कदाचित जाईनही. पण जायचं की नाही ते मी ठरवीन.”

*

कनका निघाली तेव्हा अलकनंदाबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. “बस-स्टॉपपर्यंत येते.”

“मी सोडतो ना दोघींना,” कौशिक किल्ली घेऊन पुढे झाला.

“तू बस घरी.”

रस्त्यावर ऊन होतं. दोघी दुकानांच्या सावलीने चालल्या. अलकनंदाबाई हळू चालत, पण रस्ता ओलांडताना त्यांनीच कनकाचा दंड धरला आणि येणाऱ्या रिक्षाला हात दाखवून थांबवलं.

“तुमची आई आहे?” स्टॉपवर पोचल्यावर त्यांनी विचारलं.

“होती. तीन वर्षे झाली.”

“तिचं सगळं शाबूत होतं?”

“नाही मामी. शेवटी मला ओळखत नव्हती.” कनकाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “पण त्याच्या आधी, सुरुवातीला, तीही म्हणायची. गॅस बंद केला म्हणून, मोटर बंद केली म्हणून.”

“आणि केलेली असायची?”

रस्त्यावरून एक टँकर पाणी सांडत गेला. कनकाने तो जाऊ दिला.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “कोणी बघितलेच नाही.”

अलकनंदाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि बस दिसेपर्यंत तो काढला नाही.

बस आली. कनका चढली, खिडकीची जागा मिळाली. आता पिशवी जपायची गरज नव्हती, तरी ती तिने मांडीवरच घेतली. बस निघाली तेव्हा तिने वळून बघितलं. अलकनंदाबाई घराच्या दिशेने वळल्या नव्हत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, उन्हाकडे एकदा डोळे बारीक करून बघितलं आणि बाजाराच्या रस्त्याला लागल्या, एकट्या, कुठलीच घाई नसलेल्या.